दूरचित्रवाणी मॉड्युलेटरच्या मंडलातील ट्रान्झिस्टर बफर टप्प्याची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास (१९३४ ते १९८५)

सारांश :
घरगुती संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांना जोडणाऱ्या मॉड्युलेटरचा इतिहास बहुधा संगणकाच्या इतिहासातील एक तळटीप म्हणून सांगितला जातो. त्या मॉड्युलेटरच्या अलीकडे असणाऱ्या एका लहानशा ट्रान्झिस्टरची तर तळटीपही होत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या दुर्लक्षित ट्रान्झिस्टर बफर टप्प्याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. कोणता ट्रान्झिस्टर, किती प्रवाह, एक टप्पा की दोन, हे प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक आहेत. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे शासकीय नियम, बाजारातील किंमत आणि मॉड्युलेटरची जागा यांनी ठरवली, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : बफर टप्पा, एमिटर फॉलोअर, मॉड्युलेटर, संरोध, संमिश्र चित्रसंकेत, घरगुती संगणक.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोधांना आणि शोधकांना मोठे स्थान मिळते. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी सिद्ध केलेला ट्रान्झिस्टर, शॉकली यांची संधी-ट्रान्झिस्टरची उपपत्ती, १९५९ मधील जीन हॉर्नी यांची प्लॅनर प्रक्रिया हे टप्पे सर्वपरिचित आहेत. मात्र हाती आलेला ट्रान्झिस्टर सामान्य अभियंत्याने कोठे व कसा वापरला, कोणत्या ठिकाणी त्याने काटकसर केली आणि कोणत्या ठिकाणी त्याला ती करता आली नाही, याची नोंद इतिहासात क्वचितच होते.

१९७० आणि १९८० च्या दशकांत घरगुती संगणकाला स्वतःचा पडदा नव्हता. घरातील दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा होता. संगणकातून निघणारा चित्रसंकेत एखाद्या रिकाम्या चॅनेलच्या वाहक तरंगेवर आरूढ करून संचाच्या अँटेना-खाचेत सोडावा लागे. हे काम मॉड्युलेटर करी. परंतु संगणकाच्या चिपमधून निघणारा संकेत दुर्बळ असतो. तो थेट मॉड्युलेटरला अथवा केबलला जोडल्यास खचतो. म्हणून मध्ये एक वाहून नेणारा टप्पा लागतो. हाच बफर टप्पा होय.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) बफर टप्प्याच्या संकल्पनेचा नलिकायुगापासूनचा उगम शोधणे.
२) ट्रान्झिस्टर बफरच्या निवडीचे तांत्रिक निकष स्पष्ट करणे.
३) अमेरिका आणि ब्रिटन येथील घरगुती संगणकांत या निवडीत पडलेल्या फरकाची कारणे तपासणे.
४) जुन्या यंत्रांच्या जतनाच्या दृष्टीने या अभ्यासाचे महत्त्व विशद करणे.

३. अभ्यास पद्धती व मर्यादा

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उपलब्ध यंत्रांच्या मंडल-रचनेकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले आहे. अभ्यासाची व्याप्ती ॲनालॉग दूरचित्रवाणी मॉड्युलेटर व त्यालगतच्या बफर टप्प्यापुरती मर्यादित आहे.

४. पूर्वपीठिका : ऋणाग्र अनुगामी ते एमिटर फॉलोअर

बफर टप्प्याची कल्पना ट्रान्झिस्टरपेक्षा जुनी आहे. ब्रिटनमधील ईएमआय कंपनीतील अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी १९३४ मध्ये ज्या मंडलासाठी पेटंट-अर्ज केला, ते मंडल पुढे 'कॅथोड फॉलोअर' म्हणजे ऋणाग्र अनुगामी या नावाने रूढ झाले. त्यात संकेताचा विद्युत् दाब वाढत नाही. उलट किंचित कमीच होतो. वाढते ती प्रवाह पुरवण्याची क्षमता. ज्या वर्धकात वर्धनच नाही तो कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दूरचित्रवाणीने दिले. ध्वनीच्या संकेताची कंप्रता काही हजार हर्ट्झपर्यंत असते, तर चित्रसंकेताची काही दशलक्ष हर्ट्झपर्यंत. असा संकेत लांब केबलमधून न्यायचा तर केबलच्या संरोधाशी जुळणारा, कमी संरोधाचा स्रोत हवा.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली. १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीचे चित्रण हाइड पार्क कॉर्नर येथून केबलद्वारे अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत नेण्यात आले. चित्रसंकेत स्टुडिओच्या भिंतीबाहेर पडला आणि केबल हा दूरचित्रवाणीचा अविभाज्य घटक बनला.

ट्रान्झिस्टर आल्यावर त्याच मंडलाचे रूपांतर एमिटर फॉलोअरमध्ये झाले. हे संक्रमण मात्र लगेच घडले नाही. प्रारंभीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर श्राव्य कंप्रतेत काम करीत. चित्रसंकेताच्या कंप्रतेला ते पुरे पडत नसत. आरसीए कंपनीचा पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा टीआर-२२ हा चित्रफीत-मुद्रक १९६१ मध्ये आला. सिलिकॉनचे प्लॅनर ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावरच हा टप्पा स्टुडिओतून घरात येऊ शकला. २एन३९०४, बीसी१०८ आणि त्यानंतरची बीसी५४७ ही मालिका यांसारखे, किराणा मालाच्या भावात मिळणारे ट्रान्झिस्टर शंभर मेगाहर्ट्झहून अधिक संक्रमण-कंप्रतेचे होते.

५. निवडीचे तांत्रिक निकष

५.१ संकेताचे मानक : ६२५ रेषांच्या पद्धतीत संमिश्र चित्रसंकेत ७५ ओहमच्या भारावर १ व्होल्टचा असतो. त्यापैकी ०.३ व्होल्ट समकालन-स्पंदासाठी आणि ०.७ व्होल्ट चित्रासाठी. स्रोताच्या बाजूलाही ७५ ओहमचा रोधक मालिकेत असल्याने निम्मा दाब त्यातच खर्च होतो. म्हणून एमिटरवर २ व्होल्टचा संकेत हवा आणि ट्रान्झिस्टरला दिसणारा भार १५० ओहमचा असतो.

५.२ स्थिर प्रवाह : एनपीएन जातीचा एमिटर फॉलोअर भाराला वर खेचण्यात समर्थ असतो, खाली आणण्याचे काम मात्र एमिटरच्या रोधकावर सोपवलेले असते. या विषमतेमुळेच निवडीतील बहुतेक चुका होतात. समजा, एमिटर-रोधक १ किलोओहम असून स्थिर प्रवाह ३ मिलिअँपिअर आहे. धारित्राद्वारे जोडलेल्या १५० ओहमच्या भारासह संकेत जास्तीत जास्त सुमारे ०.४ व्होल्ट खाली जाऊ शकेल. त्यापुढे ट्रान्झिस्टर बंद पडतो. चित्रसंकेतात तळाशी असते ते समकालन. तेच छाटले जाते आणि पडद्यावरील चित्र घसरू लागते. याउलट ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर एमिटर २.५ व्होल्टवर ठेवून २२० ओहमचा रोधक वापरल्यास स्थिर प्रवाह ११ मिलिअँपिअरच्या आसपास जातो आणि १ व्होल्ट खाली येण्याची सोय होते. चित्राच्या सरासरी उजेडाबरोबर संकेताची पातळी सरकत असल्याने हीसुद्धा काठावरचीच सोय होय.

हाच बफर त्याच पाटीवरील, काही किलोओहम संरोधाच्या मॉड्युलेटरला संकेत देणार असेल, तर मात्र १ ते २ मिलिअँपिअर पुरेसे ठरतात. केबल आणि पाटीवरील तार यांतील हा फरक पुढील विवेचनात कळीचा आहे.

५.३ रेषीयता : ट्रान्झिस्टरचा आंतरिक एमिटर-रोध प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, १ मिलिअँपिअरला तो सुमारे २६ ओहम, तर १० मिलिअँपिअरला २.६ ओहम असतो. कृष्णधवल चित्रात यामुळे पडणारा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. रंगीत चित्रात मात्र ४.४३ मेगाहर्ट्झची वर्ण-उपवाहक तरंग दीप्तीवर स्वार असते. दीप्तीबरोबर वर्धन बदलले की रंगाची गडदताही बदलते. रंग आले आणि बफरमधील काटकसर उघडी पडू लागली.

५.४ दाबाचे सरकणे : एनपीएन फॉलोअर संकेताची पातळी सुमारे ०.६५ व्होल्टने खाली, तर पीएनपी फॉलोअर तेवढीच वर सरकवतो. समकालनाचे टोक शून्य व्होल्टला टेकणारा संकेत थेट एनपीएनला दिल्यास समकालन हरवते. तेथे पीएनपी सोयीचा. पीएनपीमागोमाग एनपीएन जोडल्यास दोन्ही सरकणी परस्परांना जवळपास खोडून काढतात. मॉड्युलेटरच्या दृष्टीने ही पातळी गौण नाही. ऋण विरूपणाच्या पद्धतीत समकालनाच्या टोकाला वाहक तरंग कमाल असते आणि शुभ्रतेला ती दशांशाच्या आसपास उरते. पातळी चुकून शुभ्र भागात वाहक नाहीशी झाली, तर ध्वनीत गुणगुण उमटते. म्हणजे बफरच्या पातळीतील चूक संचाच्या कर्ण्यातून ऐकू येते.

५.५ स्थैर्य : ट्रान्झिस्टर जितका वेगवान तितका चांगला, हा समज अपुरा आहे. ३०० मेगाहर्ट्झच्या ट्रान्झिस्टरचे प्रवाह-वर्धन ५ मेगाहर्ट्झला सुमारे ६० असते. १५० ओहमच्या भारासाठी ते पुरेसे आहे. त्याहून वेगवान ट्रान्झिस्टर धारित्री भारावर स्वतःच आंदोलने निर्माण करण्याचा धोका वाढतो. बेसच्या वाटेत काही दशक ओहमचा रोधक ठेवणे हा त्यावरील रूढ उपाय होय.

६. अमेरिका : नियमाने बाहेर ढकललेला मॉड्युलेटर

घरातील संचाला अँटेनाच्या वाटेने जोडलेल्या व्यापारी यंत्रांत राल्फ बेअर यांचे काम अग्रक्रमाने येते. सँडर्स असोसिएट्समध्ये त्यांनी १९६८ पर्यंत सिद्ध केलेल्या नमुन्यावरून मॅग्नाव्हॉक्स ओडिसी १९७२ मध्ये बाजारात आले. त्यात सूक्ष्मप्रक्रियक नव्हता. सुटे ट्रान्झिस्टर आणि डायोड होते व चॅनेल ३ किंवा ४ वर चित्र दिसे. १९७३ च्या सप्टेंबरमध्ये 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात डॉन लँकेस्टर यांचा 'टीव्ही टाइपरायटर' प्रसिद्ध झाला आणि घरच्या संचावर अक्षरे उमटवण्याचे वेड हौशी मंडळींत पसरले.

अँटेनाच्या वाटेने संचात शिरणारे यंत्र शेजाऱ्याच्या संचातही शिरू शकते. म्हणून अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने अशा उपकरणांवर कडक मान्यतेची अट घातली होती. १९७७ मध्ये आलेल्या ॲपल २ या संगणकात मॉड्युलेटर दिलेलाच नव्हता. यंत्रातून केवळ संमिश्र चित्रसंकेत बाहेर पडे; 'सुपरमॉड' नावाचा मॉड्युलेटर दुसऱ्या उत्पादकाकडून वेगळा घ्यावा लागे. १९७९ मधील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ हा संगणक तर स्वतंत्र पडद्यासह ११५० डॉलरला विकला गेला. त्या किमतीमागे मान्यतेचा अडसर हे एक प्रमुख कारण होते.

या नियमाचा परिणाम मंडलावर झाला. मॉड्युलेटर पेटीबाहेर गेला की पेटीच्या दारात ७५ ओहमची केबल येते. आणि केबल आली की बफर टप्पा दहा मिलिअँपिअरच्या घरातील, सार्वजनिक मानक पाळणारा असावा लागतो. अमेरिकी यंत्रांत चित्रसंकेताचे दार नीटनेटके असण्याचे श्रेय केवळ अभियंत्यांच्या दूरदृष्टीला देता येणार नाही. त्यात नियमाचाही वाटा आहे.

मात्र सर्व यंत्रे या वाटेने गेली नाहीत. १९७७ च्या अटारी २६०० या खेळयंत्रात मॉड्युलेटर आतच होता. त्यात दीप्ती आणि समकालनाच्या रेषा सीडी४०५० या सहा बफर असलेल्या अंकीय चिपमधून जात आणि रोधकांच्या जाळ्यात एकत्र होत. बाहेर केबल नसल्याने एवढ्यावर भागले.

७. ब्रिटन : किमतीने आत घेतलेला मॉड्युलेटर

ब्रिटनमध्ये चित्र उलट होते. सिंक्लेअर रिसर्चचा झेडएक्स८१ मार्च १९८१ मध्ये ६९.९५ पौंडांना, आणि सुटे भाग स्वतः जोडणाऱ्यांसाठी ४९.९५ पौंडांना, विक्रीस आला. त्यापूर्वीच्या झेडएक्स८० मधील २१ चिपऐवजी येथे अवघ्या ४ चिप होत्या. फेरांटी कंपनीने बनवलेल्या युएलए चिपने उरलेल्यांची जागा घेतली होती. अशा यंत्रात एकेका रोधकाचा हिशेब होणे साहजिकच होते. ॲस्टेक कंपनीचा यूएम१२३३ हा पत्र्याच्या डबीतील मॉड्युलेटर युएलएपासून जवळच बसवलेला असे. त्याचे उत्पादन यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या चॅनेलवर, म्हणजे ५९१.२५ मेगाहर्ट्झच्या वाहक तरंगेवर मिळे. डबीचा संरोध मोठा, तार आखूड, चित्र कृष्णधवल. त्यामुळे ७५ ओहमचा भार पेलणारा बफर टप्पा सिंक्लेअरने दिलाच नाही. ज्या परिस्थितीसाठी यंत्र योजले होते, त्या परिस्थितीत हा निर्णय योग्यच होता.

२३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालेल्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये रंग आले आणि हिशेब बदलला. युएलएमधून दीप्ती आणि दोन वर्णभेद-संकेत वेगवेगळे निघत. नॅशनल सेमिकंडक्टरच्या एलएम१८८९ या चिपमध्ये वर्णसंकेत तयार होई. दीप्ती व वर्ण यांना एकत्र आणण्याच्या कामी टीआर१ आणि टीआर२ असे दोन लहान ट्रान्झिस्टर होते. संमिश्र संकेत टीआर२ या बफरमधून ॲस्टेकच्या मॉड्युलेटरला मिळे. १२५ पौंडांच्या यंत्रात दोन ट्रान्झिस्टरांना जागा मिळाली, ती रंगांमुळे.

१९८१ च्या अखेरीस आलेल्या एकॉर्नच्या बीबीसी मायक्रोने तिसरा मार्ग स्वीकारला. शाळांसाठी असलेल्या या महाग यंत्रात यूएचएफ, संमिश्र चित्रसंकेत आणि लाल-हिरवा-निळा अशी तीनही दारे होती. त्यातील संमिश्र दारातून मुळात केवळ दीप्ती बाहेर पडे. रंग हवा असल्यास पाटीवरील एक जोड पूर्ण करावी लागे. मजकुराची सुवाच्यता शाळेत रंगापेक्षा मोलाची मानली गेली, असे या जोडीवरून अनुमान करता येते.

८. भारतीय संदर्भ

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. त्या काळातील प्रक्षेपण प्रामुख्याने व्हीएचएफ पट्ट्यात होते. ज्या संचाला यूएचएफ ट्यूनर नव्हता, त्यावर ३६ व्या चॅनेलवरील यंत्राचे चित्र मिळणे शक्य नव्हते. मॉड्युलेटर आत ठेवून बफरमध्ये काटकसर करण्याचा ब्रिटिश निर्णय एका विशिष्ट देशातील संचांच्या भरवशावर घेतलेला होता, हे अशा वेळी लक्षात येते. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रोची योजना झाली; त्याला स्वतंत्र पडदा जोडता येत असल्याने हा प्रश्न उद्भवत नव्हता. पुढे पुण्यातील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लसची 'डीबी' आवृत्ती तयार केली. महाराष्ट्रातील संगणक-इतिहासाच्या अभ्यासकांनी या यंत्राकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

९. जतनाचा प्रश्न

ॲनालॉग प्रक्षेपण अमेरिकेतील पूर्ण शक्तीच्या केंद्रांवरून १२ जून २००९ रोजी आणि ब्रिटनमध्ये २४ ऑक्टोबर २०१२ रोजी संपले. भारतातही दूरदर्शनने आपली भूस्थित ॲनालॉग केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली. नव्या संचांत ॲनालॉग ट्यूनर असेलच असे नाही. त्यामुळे जुनी यंत्रे चालू ठेवू पाहणारे मॉड्युलेटर वगळून संमिश्र संकेत थेट बाहेर काढतात. चाळीस वर्षांपूर्वी टाळलेला प्रश्न येथे पुन्हा समोर येतो.

स्पेक्ट्रममध्ये टीआर२ आधीपासूनच असल्याने तेथे एक धारित्र जोडून सहसा भागते. ७५ ओहमच्या केबलसाठी ते २२० मायक्रोफॅरडचे असल्यास १५० ओहमच्या एकूण भारावर खालची मर्यादा सुमारे ५ हर्ट्झ पडते. झेडएक्स८१ मध्ये मात्र युएलए ७५ ओहमचा भार पेलू शकत नाही. तेथे एमिटर फॉलोअर नव्याने घालावाच लागतो. तो घातल्यावरही प्रारंभीच्या २सी१८४ई या युएलए असलेल्या यंत्रांचे चित्र आधुनिक संचावर काळवंडलेले दिसते. समकालन-स्पंदानंतर काळ्या पातळीचा जो अल्पसा अवकाश हवा, तो या युएलएच्या संकेतात नाही. जुने संच ही उणीव सहन करीत. नवे संच त्याच अवकाशावरून काळी पातळी ठरवतात. बफर संकेत वाहून नेतो. संकेतात मुळात नसलेले तो निर्माण करू शकत नाही. दुरुस्ती करणारा मात्र अनेकदा ट्रान्झिस्टरच बदलत राहतो.

येथे एक गंभीर बाब नमूद करणे आवश्यक आहे. मॉड्युलेटर काढून टाकलेले यंत्र अधिक स्वच्छ चित्र देते, परंतु ते यंत्र त्याच्या काळाची साक्ष देऊ शकत नाही. दोन बफर ट्रान्झिस्टर का होते किंवा एकही का नव्हता, याचे उत्तर मूळ पाटीवरच असते. ती कापली गेली की ऐतिहासिक पुरावा नष्ट होतो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून मोडीत निघणाऱ्या यंत्रांबाबत तर हा पुरावा नोंद न होताच जातो. म्हणून बदल करण्यापूर्वी मूळ मंडलाचे छायाचित्र व आरेखन जपणे, बदल उलटवता येईल असा ठेवणे आणि काढलेला मॉड्युलेटर यंत्रासोबतच सांभाळणे, एवढी शिस्त पाळणे अगत्याचे आहे.

१०. निष्कर्ष

१) बफर टप्प्याची संकल्पना १९३० च्या दशकातील दूरचित्रवाणी-केबलच्या गरजेतून पुढे आली, ट्रान्झिस्टरने ती स्वस्त केली.
२) ट्रान्झिस्टरच्या नावापेक्षा त्याचा स्थिर प्रवाह, दाबाची पातळी आणि भाराचा संरोध हे निवडीचे खरे निकष आहेत.
३) मॉड्युलेटर यंत्राबाहेर असल्यास सबळ बफर अपरिहार्य ठरतो, आत असल्यास तो लहान करता अथवा वगळता येतो. ही जागा अमेरिकेत प्रामुख्याने नियमाने, तर ब्रिटनमध्ये प्रामुख्याने किमतीने ठरवली.
४) रंगीत चित्राने बफरची गुणवत्ता सक्तीची केली.
५) जुन्या यंत्रांच्या जतनात मूळ बफर टप्प्याची नोंद ठेवणे हे ऐतिहासिक कर्तव्य आहे.

एका नगण्य किमतीच्या ट्रान्झिस्टरच्या असण्या-नसण्यात एका काळाचे नियम, बाजार आणि घरातील दिवाणखाना यांचे परस्परसंबंध नोंदले गेले आहेत. लेखी कागदपत्रे न ठेवणाऱ्या उद्योगांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांना अशा मंडलांकडे वळावेच लागेल.